डॉक्टर खऱ्यांचे तीन दिवस

२१ जुलै १९३८ रोजी पुरते उजाडायच्या आत मध्य प्रांत-वऱ्हाडचे तीन मंत्री बडतर्फ झाले होते. आदल्या दिवशी प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला असेच म्हणत) डॉ. नारायण भास्कर खरे यांनी राजीनामा दिला. सहकारी मंत्री गोळे आणि रामराव देशमुख त्यांच्यामागून गेले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता मात्र हटले नाहीत. काँग्रेसच्या पक्षश्रेष्ठींनी सांगितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही त्यांची भूमिका. गव्हर्नर वायली यांनी त्यांना दूर केले आणि खऱ्यांना पुन्हा शपथ दिली. नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज हे दलित मंत्री होते. २३ तारखेला हे मंत्रिमंडळही संपले.

पनवेलला १८८४ साली जन्मलेले खरे लाहोरला डॉक्टरी शिकले, १९१३ मध्ये एम.डी. झाले आणि नागपुरात त्यांनी दवाखाना थाटला. निवडणुकीतल्या काँग्रेसच्या विजयानंतर जुलै १९३७ मध्ये प्रांताची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पण हा प्रांतच सांधलेला होता. एकीकडे नागपूर-वऱ्हाडची मराठी, दुसरीकडे महाकोशलची हिंदी. सहा मंत्र्यांतले तीन इकडचे, तीन तिकडचे. मे महिन्यात पचमढीला सरदार पटेलांसमोर समेट झाला, तो दोन महिनेही टिकला नाही.

मग वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठक. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष, गांधीजी जवळच्याच शेगावला. कार्यकारिणीने खऱ्यांना जबाबदारीच्या पदाला नालायक ठरवले आणि विधिमंडळ पक्षाने शुक्लांना निवडले. या प्रकरणावरच्या आपल्या निवेदनाच्या मसुद्यात गांधीजींनी स्वतः फेरफार केले, त्यावर सही करायला आपण नकार दिला, असे खरे पुढे सांगत राहिले. घटनेच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते: पंतप्रधानाने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ गेलेच. चुकले ते पक्षाची नाडी ओळखण्यात. इंग्रज गव्हर्नरच्या सहीने सहकाऱ्यांना घालवणे काँग्रेसजनांना किती झोंबेल, हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते.

पुढे खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, अलवरचे दिवाण झाले, हिंदू महासभेचे अध्यक्षही. लोकसभेत पोचले ते ग्वाल्हेरहून.

१९५६ साली प्रांताचा सांधा उसवला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. तीन वर्षांनी खऱ्यांच्या राजकीय आठवणी छापून आल्या, तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते. जुलै १९३८ चा जाब ते अजून मागत होते.