मेरी हॉपकिन : दूरचित्रवाणीवरील स्पर्धक ते ध्वनिमुद्रण-कलावंत

प्रस्तावना
लोकप्रिय संगीताच्या इतिहासलेखनात मेरी हॉपकिन हिचा उल्लेख बहुधा बीटल्सच्या चरित्राची तळटीप म्हणून येतो. ही मांडणी अपुरी आहे. स्पर्धेतून पुढे आलेल्या गायिकेने कोणते गीत गावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या वाटचालीत प्रकर्षाने दिसतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने विचार केला आहे.

वेल्श पार्श्वभूमी व स्पर्धा
हॉपकिनचा जन्म ३ मे १९५० रोजी वेल्समधील पाँटरडाव्हे येथे झाला. कँब्रियन या ध्वनिमुद्रण संस्थेसाठी तिने वेल्श भाषेत गायन केले होते. म्हणजे स्पर्धेपूर्वीच ती ध्वनिमुद्रित गायिका होती. १९६८ मध्ये ती आयटीव्हीवरील ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या कार्यक्रमात उतरली. ह्यूई ग्रीन सूत्रसंचालन करीत असलेल्या या कार्यक्रमात टाळ्यांचा जोर दाखविणारे यंत्र असे, पण ते केवळ करमणुकीपुरते. निकाल प्रेक्षकांनी टपालाने पाठविलेल्या मतांवर लागत असे. ट्विगी या प्रसिद्ध मॉडेलने तिचे गाणे पाहिले व पॉल मॅकार्टनीला कळविले. बीटल्सची ‘ॲपल’ ही संस्था तेव्हा नुकतीच उभी राहत होती.

यश आणि निवडीचा प्रश्न
‘दोज वेअर द डेज’ ऑगस्ट १९६८ मध्ये प्रकाशित झाले. चाल बोरिस फोमिन या रशियन संगीतकाराची, इंग्रजी शब्द जीन रस्किन यांचे, निर्मिती मॅकार्टनीची. या गीताने ‘हे ज्यूड’ला मागे सारून ब्रिटनमध्ये सहा आठवडे प्रथम क्रमांक राखला, अमेरिकेत मात्र ‘हे ज्यूड’मुळेच ते दुसऱ्या स्थानी अडले. पुढे फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश भाषांतही तिच्याकडून ते गाऊन घेण्यात आले. अठरा वर्षांच्या मुलीचा आवाज जगभर पोहोचला, पण यातील कोणताही शब्द तिचा नव्हता!

१९६९ च्या ‘पोस्टकार्ड’ या संग्रहात मॅकार्टनीच्या आवडीची जुनी नाट्यगीते व डोनोव्हनच्या रचना एकत्र नांदतात. त्यातील एकमेव वेल्श गीत तिच्या मूळ परंपरेची आठवण देते. १९७० मध्ये तिने युरोव्हिजन स्पर्धेत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले व आयर्लंडच्या डॅनाखालोखाल दुसरे स्थान मिळविले. स्पर्धेने घडविलेली गायिका पुन्हा स्पर्धेतच उभी करण्यात आली, ही बाब लक्षणीय वाटते.

१९७१ चा ‘अर्थ साँग/ओशन साँग’ हा टोनी व्हिस्कॉन्टी यांनी निर्मिलेला संग्रह लोकसंगीताच्या अंगाने जाणारा आहे. विक्रीत तो मागे पडला. तथापि प्रस्तुत लेखिकेच्या मते ॲपलकाळातील तिचे हेच सर्वांत प्रामाणिक काम होय. १९७२ मध्ये तिने ॲपल सोडले. त्याच सुमारास विवाह व अपत्ये यांमुळे रंगमंचावरील वावरही कमी झाला. १९७७ च्या डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या संग्रहात तिचा आवाज ऐकू येतो तो साथीदार म्हणून.

स्वतःच्या रचनांकडे
२००५ मध्ये कन्या जेसिका ली मॉर्गन हिच्या साहाय्याने तिने ‘मेरी हॉपकिन म्युझिक’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. तिच्यामार्फत २०१० मध्ये पुत्र मॉर्गन व्हिस्कॉन्टी याच्यासह केलेला ‘यू लुक फॅमिलियर’ आणि २०१४ मध्ये ‘पेंटिंग बाय नंबर्स’ हे संग्रह प्रसिद्ध झाले. या दोन्हींत तिच्या स्वतःच्या रचना आहेत. टपालातून आलेल्या मतांपासून येथवर पोहोचण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.