हिरवळीचा हिशोब

उन्हाळा आला की नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला. "अगं, अंगणातली हिरवळ जळली की! पाणी घालत नाहीस का?" फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. उत्तर थोडं इतिहासात शिरतं, सांभाळून घ्या.

लॉन ही वस्तू विलायतेची. तिथे बाराही महिने पाऊस अधूनमधून पडतोच, त्यामुळे गवत वाढतं फार हीच तक्रार! एडविन बडिंगने १८३० साली गवत कापायचं यंत्र काढलं ते उगाच नाही. आपल्याकडे नेमकं उलटं. पावसाळा संपला की उरलेले आठ महिने मुरलेल्या पाण्यावर काढायचे. १८०३ साली वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी वसली. साहेबाबरोबर त्याची हिरवळीची हौस आली, त्याचा पाऊस मात्र आला नाही.

बागांची हौस नगरला त्याआधीही होतीच. निजामशाहीतला फराहबाग महाल १५८३ साली पुरा झाला, तोही तलावाच्या मधोमध. पण त्या काळी शहराला आणि बागांना खापरी नळांनी दुरून पाणी आणलेलं असे. आधी पाणी, मग बाग. हा क्रम आपण विसरलो.

मग पाणी नसताना गवत जगतं कसं? हरळीला विचारा. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी जिला शिव्या घालतो ती हरळीही हीच. पाणी तुटलं की ती वरची पात वाळू देते आणि जमिनीखालच्या कांड्यांत जीव राखून झोपते. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की पुन्हा हिरवीगार. पिवळी म्हणजे मेलेली नव्हे.

ही गोष्ट एका अख्ख्या गावाने करून दाखवली. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची रया गेली होती. डोंगर उघडे पडलेले, माणसं पोटासाठी बाहेर. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर समपातळी चर खोदले, आणि पंचसूत्रीतली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावाने मनावर घेतली. गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी आणायचं. एवढंच! २००० साली सुमारे १०० टन निघणारं गवत २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेलं असं सांगतात. डोंगराला उन्हाळ्यात कोणी पाणी घातलं नव्हतं. पावसाचं पाणी अडवलं आणि गवताला खुरांपासून, दातांपासून जपलं.

आता अंगणाचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट हिरवळ मे महिन्यात हिरवी ठेवायला रोज ५ मिलिमीटर धरलं, तरी २३० लिटर झाले. टंचाईत खेड्यांना टँकर जातो तो माणशी रोज २० लिटरच्या हिशोबाने. म्हणजे माझं अंगण रोज अकरा माणसांचं पाणी पिणार. आपल्याच जिल्ह्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असताना तेवढ्या हिरव्या रंगाची हौस मला झेपत नाही.

म्हणून गवताकडे दुर्लक्ष करायचं असं मात्र नाही. फेब्रुवारीनंतर गवत तीन बोटांपेक्षा खाली कापू नये, म्हणजे मुळांवर सावली राहते. कापलेलं तिथेच पसरू द्यावं. युरिया अजिबात नको, झोपलेल्याला जेवायला उठवू नये. दोन आठवड्यांतून एकदा पहाटे, धुण्या-विसळण्याचं साठवलेलं पाणी मुळापर्यंत जाईल असं द्यावं. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्या वर राहतात आणि तीच आधी करपतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळलेल्या गवतावर चालू नये, खाटा-खुर्च्या टाकू नयेत. अंगणातली चराईबंदीच म्हणा ना.

बाकी काम पाऊस करतो. जूनपर्यंत पिवळा रंग बघायची डोळ्यांना सवय करायची, इतकंच.