कोलारची खाण : बलांची चाळणी

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेले कोलारचे सुवर्णक्षेत्र अलीकडे एका चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झाले असले, तरी भौतिकशास्त्राच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे, त्याचा सोन्याशी आलेला संबंध केवळ योगायोगाचा आहे. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने येथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. सोन्याची शीर जमिनीत तिरपी उतरत गेली, तिच्या मागोमाग माणसेही उतरत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘चँपियन रीफ’ ही खाण ३ किलोमीटरांहून खोल जाऊन जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक ठरली. एवढा खोल खड्डा केवळ विज्ञानासाठी खणण्याची ऐपत त्या काळी कोणत्याही प्रयोगशाळेची नव्हती. सोन्याच्या लोभाने तो आयता मिळाला.

निसर्गातील सर्व घडामोडी भौतिकशास्त्र चार मूलभूत बलांवर आणून ठेवते, आणि ती चारही समजून घेण्यास ही खाण सोयीची आहे. कामगारांच्या डोक्यावरील खडकाचे वजन हे गुरुत्वाकर्षणाचे काम. त्या वजनाखाली छत कोसळत नाही, कारण खडकातील अणू विद्युतचुंबकीय बलाने एकमेकांना धरून असतात. खोलवरच्या कातळात साचलेला ताण ही पकड मोडून अचानक मोकळा झाला, की खडक स्फोट झाल्यासारखा फुटतो; ‘रॉक बर्स्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अपघातांसाठी कोलार कुप्रसिद्ध होते. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात आणि समान विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर लोटू पाहतात, तरीही ते एकत्र राहतात ते प्रबल बलामुळे, ज्याचा प्रभाव अणुकेंद्राच्या आकाराएवढ्या अंतरापलीकडे पोचत नाही. चौथे क्षीण बल, ज्याच्यामुळे न्यूट्रॉनचे रूपांतर प्रोटॉनमध्ये होते आणि काही मूलद्रव्ये किरणोत्सारी ठरतात. याचा पल्ला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकाच असल्याने रोजच्या अनुभवात ते कोठे दिसत नाही. सामर्थ्यातील तफावतही विलक्षण आहे : प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील विद्युत आकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणापेक्षा १ वर ३९ शून्ये इतक्या पटींनी मोठे भरते.

अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे वेगवान कण, म्हणजे विश्वकिरण, हा होमी भाभा यांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या विषयाला आरंभापासून अग्रस्थान मिळाले. संस्थेचे बस्तान मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत असताना, १९५१ मध्ये, भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन हे तरुण संशोधक उपकरणे घेऊन कोलारच्या खाणीत उतरले. त्यांना म्यूऑन मोजायचे होते. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच पण सुमारे २०० पट जड असा भाऊबंद. विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रांवर आदळले की जे अल्पायुषी कण निर्माण होतात, त्यांच्या विघटनातून तो जन्मतो. प्रबल बल मानणारे बहुतेक कण हवेतच अडतात, म्यूऑनला मात्र ते बल लागू नसल्याने तो जमिनीत शिरतो, आणि विद्युतभारामुळे वाटेतील अणूंशी झटापट करीत हळूहळू आपली ऊर्जा गमावतो.

जसजसे खोल जावे तसतशी म्यूऑनची संख्या किती घटते, याची नोंद कोलार येथे पुढील दहा-बारा वर्षे होत राहिली. मापनात ढिसाळपणा नव्हता, घाईही नव्हती. एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम् आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांच्या गटाने २७६० मीटर खोलीवर उपकरण ठेवले, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन सापडला नाही. एरवी असा शून्य आकडा प्रयोग फसल्याचे लक्षण मानला गेला असता. येथे त्याचा अर्थ असा होता की खाण ही बलांची चाळणी असून, प्रबल बल मानणारे कण हवेत आणि विद्युतबल मानणारे कातळात अडल्यावर तळाशी पोचू शकेल असा एकच प्रवासी उरतो, तो म्हणजे ज्याला केवळ क्षीण बल कळते. हा शून्य आकडा कोलारच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा आकडा आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तो प्रवासी म्हणजे न्यूट्रिनो. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये किरणोत्सारात हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळवण्यासाठी त्याची कल्पना केली होती, आणि १९५६ मध्ये फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले होते. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो मात्र कोणी पकडले नव्हते. एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर सिंटिलेटरच्या, म्हणजे भारित कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या पदार्थाच्या, उभ्या भिंती रचल्या. युक्ती साधी होती. वरून येणारे उरलेसुरले म्यूऑन जवळजवळ उभेच येणार, तर आडव्या दिशेने येणारा म्यूऑन आसपासच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. १९६५ मध्ये असे म्यूऑन दिसले. राइन्स यांचा गट त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील, तीही सोन्याचीच, एक खाण गाठून तोच शोध घेत होता. दोन्ही गटांचे निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने प्रसिद्ध झाले आणि त्यांत कोलारचा आधी छापला गेला. पहिला मान कोणाचा या वादात भारतीय लेखकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे, पण त्यापेक्षा दोन दूरच्या खाणींनी एकमेकींना दिलेली पुष्टी अधिक मोलाची होती.

पुढील दशकात प्रश्नच बदलला. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी विद्युतचुंबकीय आणि क्षीण ही दोन बले एकाच बलाची रूपे असल्याचे मांडल्यावर, प्रबल बलही त्याच माळेत ओवण्याचे प्रयत्न सुरू झाले. जोगेश पती व अब्दुस सलाम यांनी, आणि १९७४ मध्ये जॉर्जी व ग्लॅशो यांनी, मांडलेल्या अशा महाएकीकरण सिद्धांतांमधून एक विलक्षण निष्कर्ष निघत होता : अमर समजला जाणारा प्रोटॉनही कधीतरी विघटन पावतो. जॉर्जी-ग्लॅशो सिद्धांतानुसार त्याचे आयुर्मान जास्तीत जास्त १ वर ३१ शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास असायला हवे होते. इतका काळ वाट पाहणे अशक्य, परंतु तितके प्रोटॉन एकत्र ठेवून त्यांपैकी एखाद्याचा मृत्यू टिपणे शक्य होते. १९८० मध्ये कोलारच्या खाणीत १४० टन लोखंडाच्या पत्र्यांमध्ये वायूने भरलेल्या सुमारे १६०० गणकनळ्यांचे ३४ थर बसवले गेले. एवढ्या लोखंडात ८ वर ३१ शून्ये इतके प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. सिद्धांत खरा असता तर वर्षाकाठी मोजकी विघटने दिसायला हवी होती.

१९८१ मध्ये या गटाने विघटनासारख्या वाटणाऱ्या काही घटना जाहीर केल्या आणि जगभर खळबळ उडाली. मात्र अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याची टाकी वापरणाऱ्या प्रयोगाला तसे काही आढळले नाही. जपानमधील कामिओका खाणीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘कामिओकांडे’ प्रयोगालाही प्रोटॉनचे विघटन दिसले नाही. त्याच्या रोमन लिपीतील नावाच्या अखेरची तीन अक्षरे ‘न्यूक्लिऑन डिके एक्सपेरिमेंट’ या शब्दांची आहेत, पण त्याची कीर्ती झाली ती १९८७ मध्ये एका स्फोट पावलेल्या ताऱ्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंमुळे. कोलारच्या घटनांचे श्रेय बहुतेक संशोधकांनी न्यूट्रिनोंच्या टकरींना दिले. जॉर्जी-ग्लॅशो सिद्धांताचे मूळ रूप बाद झाले. आज प्रोटॉनचे आयुष्य १ वर ३४ शून्ये वर्षांहून अधिक असल्याचे मानले जाते, आणि तीन बलांचे एकीकरण अजून सिद्ध व्हायचे आहे.

कोलारच्या खडकातील सोन्याचे प्रमाण या प्रयोगांच्या काळातच इतके घटले होते की ते काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होऊ लागला. पंप, पिंजरे आणि हवा खेळवणारी यंत्रे खाणीच्या पैशावर चालत असल्याने प्रयोगांचे आयुष्यही त्याच हिशेबाला बांधलेले होते. प्रयोग १९९२ मध्ये आटोपते घ्यावे लागले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणही बंद झाली. उपसा थांबल्यावर पाणी चढत गेले, आणि ज्या बोगद्यांतून न्यूट्रिनोंची वाट पाहिली गेली होती, ते त्याखाली गेले.