अंगण आणि मानधन

मुळशी तालुक्यातल्या जांब्यासारख्या गावात ‘अंगणवाडी’ हा शब्द आज कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सरकारी कागदावरचा शब्द इतका घरगुती कसा, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो सरकारने घडवलेलाच नाही.

फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत खेळातून शिकवणारी शाळा काढली. तीच पुढे किंडरगार्टन म्हणून ओळखली गेली. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधील गरिबांच्या वस्तीत ‘बालगृह’ उघडले. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले व ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. परंतु माँटेसरीची साधने महाग. गरिबांच्या मुलांसाठी निघालेली पद्धत आपल्याकडे सुखवस्तू घरांपुरतीच उरते की काय, अशी धास्ती होती.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला तिचे उत्तर दिले. सोबत अनुताई वाघ होत्या. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच तेथे साधने झाली. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे ती कुरणावरही गेली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, एवढा भार एका सेविकेवर पडला. उपाशी मुलाला आधी घास हवा, हे खरेच; पण त्या घासामागे शिक्षण बव्हंशी मागे राहिले.

फ्रान्सकडे पाहावे. तेथे १८८१ साली जुन्या आश्रयशाळांच्या ‘मातृशाळा’ झाल्या. आज तेथील शिक्षिका प्राथमिक शिक्षकांच्या बरोबरीने सरकारी वेतन घेते आणि २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण सक्तीचे आहे. आमच्या सेविकेला वेतन नव्हे, मानधन! तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ साली, म्हणजे योजना सुरू झाल्यावर ४७ वर्षांनी.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पायात धरले, हे चांगलेच झाले. तथापि बोर्डीचा धडा आपण अर्धाच घेतला आहे. साधने स्वस्त असावीत, असे ताराबाईंनी दाखवले. शिकवणारीही स्वस्त असावी, असे नव्हे.