चुंबकाचा कान

वाद्यांचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा वादकाचा आणि फार तर कारागिराचा विचार करतो. परंतु वाद्य ऐकणाऱ्या साधनालाहि इतिहास असतो, आणि विजेच्या गिटारीच्या बाबतींत तोच मुख्य ठरतो. ह्या वाद्याचा आवाज लाकडाच्या पोकळींतून घुमत नाहीं. तारांखालीं बसविलेल्या एका लहानशा वेटोळ्यांतून तो निघतो. इंग्रजींत त्यास पिकअप म्हणतात. आपण चुंबकाचा कान म्हणूं.

ह्या कानाचें तत्त्व जुनें आहे. चुंबकाचें क्षेत्र हललें म्हणजे शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. पोलादी तार चुंबकाजवळ असली म्हणजे तिलाहि चुंबकत्व येतें. ती छेडली कीं क्षेत्र तिच्याबरोबर कांपतें, वेटोळ्यांत त्याच लयीचा क्षीण प्रवाह उठतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. इतकें असूनहि ही युक्ति गिटारीस लागावयाला शंभर वर्षें गेलीं. अमेरिकेंतील नृत्यगृहांत पितळी वाद्यांपुढें गिटार ऐकूं येईना, तेव्हां लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशँ यानें १९३१ सालीं असें वेटोळें सिद्ध केलें. रिकनबॅकर याच्या साह्यानें १९३२ पासून तें वाद्य विक्रीस आलें, व १९३७ सालीं त्याचें पेटंट मिळालें. तें वाद्य मांडीवर आडवें ठेवून वाजवावयाचें, हवाई बेटांच्या पद्धतीचें होतें. ती पद्धति हिंदुस्थानांतहि रुजली. लखनौचे व्हॅन शिपले यांनीं मुंबईस येऊन चित्रपटसंगीतांत व ध्वनिमुद्रिकांत विजेच्या गिटारीचें नांव केलें.

वेटोळें करण्याचें काम दिसावयास सोपें, पण हाताची परीक्षा पाहणारें आहे. तांब्याची तार सुमारें ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी. तिजवर रोगणाचा पातळ लेप. तिचे सात-आठ हजार वेढे एका चिमुकल्या सांगाड्यावर द्यावयाचे. तार फार ताणली तर तुटते. सैल सुटली तर वेढे थरथरून शीळ घालूं लागतात, म्हणून तयार वेटोळें वितळलेल्या मेणांत बुडवितात. हातानें गुंडाळलेले वेढे थोडे विखुरलेले बसतात, आणि त्यामुळें वरच्या स्वरांची धार टिकते, असें ह्या कामांतले जाणते मानतात. शेवटीं टोकांवरचें रोगण खरवडून, राळ लावून, कथील-शिशाचा डाख द्यावयाचा. जोड नीट तापला असेल तर डाख पाण्यासारखा पसरतो. थंड जोडावर नुसता थेंब बसला, तर पुढें आवाज तुटक होतो. फेंडरच्या कारखान्यांत १९५६ पासून हें काम करणाऱ्या अॅबिगेल यबारा यांचीं वेटोळीं संग्राहक आज त्यांच्या नांवानें ओळखतात. वादकांचीं नांवें मात्र जगानें त्याच्या फार आधीं पाठ केलीं होतीं.

आतां ह्या कानाचा दोष पाहूं. तो पोलादाखेरीज फारसें कांहीं ऐकत नाहीं. मिरजेस १८५० च्या सुमारास फरीदसाहेब ह्या शिकलगारानें, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यांतल्या माणसानें, तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. त्या परंपरेंतला तंबोरा चुंबकापुढें धरला तर जोडाच्या पोलादी तारा ऐकूं येतील. खर्जाची पितळी तार मुकीच राहील. ज्या तारेवर गवयाचा षड्ज टेकतो, नेमकी तीच!

चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांत तर हा दोष अधिकच जाणवतो. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली निराळा झाला. दोन्हीकडे गोंडांचीं वंशगीतें गाणारे परधान आहेत. त्यांची परंपरागत किंगरी कातड्यानें मढविलेली, गजानें वाजणारी, आणि तारा घोड्याच्या केसांच्या. चुंबकाच्या दृष्टीनें हें वाद्य अस्तित्वांतच नाहीं. ह्याच मुलखांत धानाची कापणी उरकल्यावर झाडीपट्टीचीं नाटकें रात्र-रात्र रंगतात, देसाईगंज-वडसा हें त्यांचें केंद्र, आणि परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाल्यानें ह्या रंगभूमीकडे महाराष्ट्राचें लक्ष गेलें. तेथें संगीत ध्वनिक्षेपकावरून हजारोंच्या कानीं जातें. अशा मांडवांत ज्या वाद्याला विजेचा कान मिळाला तें टिकतें. ज्याला मिळाला नाहीं, तें वाईट म्हणून नव्हे, केवळ ऐकूं येत नाहीं म्हणून मागें पडतें.

मात्र ह्यावर उपाय नाहीं असें नव्हे. दाब पडला असतां स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं शोधून काढलें. त्या तत्त्वावरची पातळ चकती किंगरीच्या कातड्याला चिकटवून तिला दोन डाख दिले, तर केसाच्या तारेचें कंपनहि वर्धकापर्यंत पोंचतें. त्यासाठीं हजारो वेढ्यांची गरज नाहीं. आवाज थोडा कोरडा येतो, पण येतो. हें काम गांवांतला रेडिओ दुरुस्त करणारा माणूसहि करूं शकेल.

तात्पर्य, यंत्र निःपक्षपाती असतें हा आपला समज तपासून पाहावयास हवा. जें साधन एका देशांतल्या पोलादी तारेसाठीं जन्मलें, त्याला दुसऱ्या रानांतला केस ऐकूं येत नाहीं, यांत केसाचा दोष नाहीं. वाद्य बदलण्याच्या आधीं कान बदलून पाहावा.