दस्तक ते परवाना

जुन्या कागदपत्रांत ‘दस्तक’ म्हणजे माल नाक्यावरून सोडण्याची चिठ्ठी. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालात जकातमाफी दिली. माफी कंपनीच्या मालाला होती. तिच्या नोकरांनी ती आपल्या खासगी व्यापाराला लावली, शिवाय देशी व्यापाऱ्यांना दस्तके विकलीही. बिनदस्तकाचा व्यापारी जकात भरून बाजारात मागे पडू लागला. तक्रारी करून थकलेल्या नवाब मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठवली. दस्तकाला किंमतच उरली नाही. कंपनी चवताळली, युद्ध पेटले आणि १७६४ साली बक्सारला नवाबाचा पक्ष हरला.

स्वतंत्र भारतात चिठ्ठी परवाना होऊन आली, आणि तीही सद्हेतूने. भांडवल तुटपुंजे, ते गरजेच्या उद्योगांत लागावे म्हणून १९५१ च्या कायद्याने कारखाना काढायला सरकारी परवाना लागू लागला. परकीय चलनाची टंचाई असल्याने आयातीलाही परवाने लागत. मग परवाने देणाऱ्या टेबलाचा भाव वाढला. संथानम समितीने १९६४ च्या अहवालात ‘स्पीड मनी’ची दखल घेतली: हक्काचे काम वेळेत व्हावे म्हणून मोजलेले पैसे. या पैशाची चटक लागली की फायली मुद्दाम अडतात.

गुंतवणुकीचे नुकसान कसे होते, हे अर्थतज्ज्ञ ॲन क्रुगर यांनी १९७४ मध्ये दाखवले. कच्च्या मालाचा आयात परवाना कारखान्याच्या क्षमतेनुसार मिळे. त्यामुळे जुनी यंत्रे रिकामी असतानाही उद्योजक नवी बसवत. भांडवल उत्पादनाऐवजी परवान्यामागे धावत होते.

चिठ्ठीला येणारा भाव महाराष्ट्राने सरकारी नियंत्रणातल्या सिमेंटमध्ये पाहिला. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला. मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले.

१९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचा परवाना गेला, पण चिठ्ठी जमीन, खाणी, रेडिओलहरी यांच्याकडे सरकली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, तेव्हा त्यांच्या भरवशावर आलेले परदेशी भांडवलही अडकले.

मोठा उद्योग चिठ्ठीचा खर्च मालाच्या किमतीत वसूल करतो. नवख्याला ते परवडत नाही. तो हेलपाटे घालतो, थकतो आणि बेत सोडून देतो. त्याच्या न निघालेल्या कारखान्याची, तिथे न मिळालेल्या कामाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. खरे नुकसान तिथे आहे.