मोक्ष, तारण आणि पंडिता रमाबाई

ख्रिस्ती धर्मातील ‘तारण’ म्हणजे मोक्षच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडवतो, तर तारण पापातून. ते पुण्याईने कमावता येत नाही. माणूस स्वतःला तारू शकत नाही, म्हणूनच तारणारा हवा, ही त्यामागची श्रद्धा.

हा भेद पंडिता रमाबाईंसाठी केवळ तात्त्विक नव्हता. शास्त्रे-पुराणे कोळून प्यालेल्या या विदुषीने १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे की, इतर बाबतींत परस्परविरोधी असलेले ग्रंथ दोन गोष्टींवर एकमत होते, त्यांपैकी एक : पुरुषासारखा मोक्ष स्त्रीला नाही, पतिसेवा हीच तिची आशा. रमाबाई तर विधवा. इंग्लंडमध्ये फुलहॅमच्या आश्रमात ‘पतित’ स्त्रियांना मिळणारी माया त्यांनी पाहिली, योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली आणि १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगले.

१८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगावला त्यांनी जे घर उभारले, त्याचे नाव मात्र जुन्याच शब्दाचे : ‘मुक्ती’. ज्यांना ती नाकारली गेली होती, त्यांच्याच दारावर तो शब्द लागला.